हेंड्रिक्सनच्या आधीची नदी

एप्रिल लागला की सकाळी चहाचं आधण ठेवतानाच मी फोनवर दोन आकडे बघते. एक, ग्रेलिंग गावात रात्री पारा किती खाली गेला. दुसरा, तिथल्या ऑ साबल नदीतून सेकंदाला किती घनफूट पाणी वाहतंय. ग्रेलिंग आमच्या नोव्हीपासून तीनशे किलोमीटरच्या आसपास, आय-७५ महामार्गाने सरळ उत्तरेला. डेट्रॉइटच्या या उपनगरात तोवर डॅफोडिल उमललेले असतात आणि पोरं अर्ध्या बाह्यांचे शर्ट घालून हिंडायला लागलेली असतात. वर ग्रेलिंगला मात्र पाइनच्या सावलीत बर्फाचे ढीग अजून तसेच पडून असतात.

शनिवारी निघायचं की नाही, ते त्या दोन आकड्यांवर ठरतं. रात्री पारा शून्याच्या फार खाली गेला नसेल आणि पाणी चढलेलं नसेल, तर मासेमारीची काठी गाडीत जाते. लख्ख ऊन पडणार असा अंदाज असेल, तर मी उलट सावध होते. फ्लाय फिशिंग नव्याने शिकणाऱ्यांना हे चटकन पटत नाही. त्यांना वाटतं, ऊन आलं म्हणजे नदी तापणार आणि मासे खायला लागणार. पण जंगलात बर्फ शिल्लक आहे तोवर उबदार दुपार म्हणजे प्रत्येक ओढ्यातून येणारं बर्फाचं पाणी. हवा पंधरा अंशांवर आणि नदी सकाळपेक्षा दुपारी गार, असा प्रकार या दिवसांत होतो. त्यापेक्षा ढगाळ, दमट, वारा पडलेला, सहा-सात अंशांचा दिवस शंभर पटींनी चांगला. अशा दिवशी मी आनंदाने तीन तास गाडी चालवते.

या छंदाची थोडी ओळख करून द्यायला हवी. आमच्या कुडाळला कर्ली नदीवर गरवायला जातात तेव्हा गळाला गांडूळ नाहीतर सुंगट लावतात, शिसं बांधतात, आणि त्या वजनाने दोरी लांब जाते. इथे आमिषाला वजन जवळजवळ नसतंच. बारीक हुकावर पिसं, सशा-कोल्ह्याची लव आणि दोरा गुंडाळून केलेला तो एक नकली कीटक असतो, त्यालाच फ्लाय म्हणतात. वजन असतं दोरीला. काठी मागे-पुढे करत ती जाडसर दोरी हवेत उलगडायची, आणि तिच्या टोकाला बांधलेली फ्लाय तिच्यामागून जाऊन पाण्यावर अलगद टेकते. पाण्यात त्या घटकेला खरोखर जो कीटक आहे त्याच्यासारखीच फ्लाय हवी, नाहीतर ट्राउट हा इथला मासा ढुंकूनही बघत नाही. त्यामुळे मासा पकडायचा म्हणजे आधी किडे ओळखायचे, आणि किडे ओळखायचे म्हणजे पाणी ओळखायचं. मला या छंदात ओढलं ते या शेवटच्या भागाने.

ऑ साबल फ्रेडरिक गावाजवळ दोन ओढे मिळून तयार होते, ग्रेलिंगमधून पुढे पूर्वेला सुमारे सव्वादोनशे किलोमीटर वाहते आणि ऑस्कोडापाशी ह्यूरन सरोवराला मिळते. डोंगरातून उड्या मारत येणारी, खडकांवर फेसाळणारी ट्राउटची नदी चित्रांमध्ये असते; ही तशी नाही. ही वाळूतली नदी. शेवटच्या हिमयुगात हिमनद्यांनी मिशिगनच्या या भागात वाळू आणि गोट्यांचे प्रचंड जाड थर आणून टाकले. पाऊस पडो की बर्फ, पाणी या वाळूत जिरतं, खाली साठतं आणि सावकाश, वर्षभर, नदीला जमिनीखालून मिळत राहतं. म्हणून हिला पूर क्वचित येतो आणि ती आटतही नाही. भूजल बाराही महिने साधारण आठ-नऊ अंशांचं असतं. बाहेर उणे वीस असतानाही वरच्या टप्प्यात नदी काठापासून काठापर्यंत गोठत नाही, आणि जुलैच्या उकाड्यात ट्राउटला सोसवेल इतकी गार राहते, ती याच पाण्यामुळे. ट्राउटचं सगळं आयुष्य त्या काही अंशांवर टांगलेलं असतं. पाणी वीस अंशांच्या वर गेलं की त्याचा जीव गुदमरायला लागतो, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. तीन-चार अंशांवर तो जिवंत आणि ठणठणीत असतो, पण त्याच्या शरीराचं सगळं काम मंदावलेलं असतं. खाल्लेलं पचायलाच इतका वेळ लागतो की धावून जाऊन खायची त्याला गरज नसते.

एप्रिलच्या सुरुवातीला मी नदीत उतरते ती अशा माशाला भेटायला. आधी थर्मामीटर. दोरी बांधून तो पाण्यात सोडायचा आणि दोन-तीन मिनिटं थांबायचं. ग्रेलिंगच्या खाली, पूर्वेला, बर्टन्स लँडिंगपासून वेकली ब्रिजपर्यंतचा टप्पा इथले लोक होली वॉटर म्हणून ओळखतात. तिथे फक्त फ्लायने मासेमारी करता येते, पकडलेला प्रत्येक मासा सोडावा लागतो, आणि तो टप्पा वर्षभर खुला असतो. सकाळी नऊला तिथे पाणी चार अंश असतं. काठीच्या कड्यांमध्ये ओल्या दोरीचं पाणी गोठतं आणि दोरी अडकते. दर थोड्या वेळाने कडी तोंडाजवळ धरून फुंकर मारायची, नाहीतर बोटांनी बर्फ मोडून काढायचा. बोटं बधिर होतात. गाठ बांधायला हातमोजे काढावे लागतात आणि मग तेच हात काखेत धरून उभं राहावं लागतं. मला या वेळेचा कंटाळा येत नाही. काठावरच्या बर्फावर काळे, बारीक, सेंटीमीटरभर लांबीचे किडे चालताना दिसतात, पंख पाठीवर सपाट मिटलेले. हे स्टोनफ्लाय. यांची पिल्लं नदीतळच्या दगड-लाकडांवर वाढतात, आणि बाकीचे कीटक अजून हलायला तयार नसताना हे पाण्याबाहेर सरपटत येऊन कात टाकतात. यांना भरपूर प्राणवायूचं, स्वच्छ पाणी लागतं. गढूळ-घाण पाण्यात ते टिकत नाहीत. बर्फावर त्यांची काळी रांग दिसली की मला आधी बरं वाटतं, आणि काठीची आठवण त्यानंतर होते.

मासे या वेळी उथळ खळखळाटात सापडत नाहीत. तिथे टिकून राहायला ताकद लागते. ते असतात वळणावरच्या खोल, संथ पाण्यात, आडव्या पडलेल्या सिडारच्या बुंध्याखाली, किंवा जिथे काठातून झरा येतो तिथे. हिवाळ्यात झऱ्याचं पाणी नदीपेक्षा चार-पाच अंशांनी उबदार असतं, आणि तो फरक माशाला कळतो. फ्लाय त्यांच्या नाकापुढून, तळाला घासत, सावकाश न्यावी लागते. डाव्या-उजव्या बाजूला हातभर सरकलेलं चालत नाही, मासा तेवढाही हलत नाही. जूनमध्ये हीच नदी पाहिलेल्या माणसाला वाटेल की आत जिवंत काही नाहीच. लोक कंटाळून अकरा वाजता गाडी गाठतात. माझ्या मते नदी शिकायची असेल तर हेच दिवस खरे. उन्हाळ्यात किड्यांचा पाऊस पडत असताना मासा कुठेही चुकून लागतो आणि काही शिकवत नाही. एप्रिलमध्ये लागला तर आपल्याला नेमकं सांगता येतं, तो तिथे का होता.

आता जे सांगणार आहे ते मला सगळ्यात जवळचं वाटतं, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. या दिवसांत हुकापेक्षा आपले पाय माशांना जास्त धोक्याचे असतात.

ब्राउन ट्राउट अंडी घालतो शरद ऋतूत, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. मादी आडवी होऊन शेपटीने खडी उडवते, खळगा करते, त्यात अंडी सोडते, नर त्यावर वीर्य सोडतो, आणि मग मादी जरा वरच्या अंगाची खडी उकरून तो खळगा झाकून टाकते. अंडी त्या खडीखाली हिवाळाभर राहतात. पाणी जितकं थंड तितका वेळ जास्त. चार-पाच अंशांवर अंडं फुटायला तीन महिन्यांहून अधिक लागतात. फुटल्यावरही पिल्लू लगेच बाहेर येत नाही. पोटाखाली बलकाची नारिंगी पिशवी घेऊन ते खडीच्या फटींत दडून राहतं, आणि ती पिशवी संपत आली की साधारण मार्च-एप्रिलमध्ये वर येतं. म्हणजे मी वेडर्स (पाण्यात उतरायचा छातीपर्यंतचा जलरोधक पोशाख) चढवून, लोखंडी खिळ्यांचे बूट घालून नदीत उतरते तेव्हा त्या खडीत पुढची अख्खी पिढी असते. नोव्हेंबरमध्ये ही विणीची जागा ओळखू येते, कारण उकरलेली खडी आजूबाजूच्या शेवाळलेल्या तळापेक्षा उजळ दिसते. एप्रिलपर्यंत तिच्यावरही शेवाळ चढलेलं असतं आणि डोळ्यांना काही कळत नाही. शंका आली तर तळाचा आकार बघावा: वरच्या बाजूला उथळ खळगा आणि त्याच्यामागे खडीचा लांबट उंचवटा. तिथे पाय ठेवायचा नाही. मी शक्यतो काठाच्या वाळूवरून चालते, आणि नदी ओलांडायची असेल तर निव्वळ वाळूचा तळ शोधते, मग त्यासाठी पाव मैल फिरावं लागलं तरी चालेल. ऑ साबलचा तळ बहुतेक वाळूचाच असल्यामुळे चांगली खडी मुळात थोडी. ती तुडवली तर दुसरी आणायची कुठून?

हे माझ्या मनात इतकं घट्ट बसलं त्याला कोकणातल्या वलगणीच्या माशांची आठवण कारण असावी. पहिले दोन-चार मोठे पाऊस झाले की मासे नदीतून व्हाळात, व्हाळातून शेतात चढायचे, पोटात गाभोळी घेऊन. सगळा गाव रात्री कंदील-बॅटऱ्या घेऊन निघायचा. टोपलीभर मासे घरी यायचे आणि त्या गाभोळीची चव अजून जिभेवर आहे. तेव्हा त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मासे अमाप होते. आता गावाकडची माणसंच सांगतात की चढणीला पूर्वीसारखे मासे राहिले नाहीत, आणि अंडी घालायला निघालेला मासा धरू नका म्हणून सांगणारी मंडळी तिथेही आहेत. मला त्यांचं म्हणणं पटतं.

ग्रेलिंग गावाचं नाव ज्या माशावरून पडलं तो मासा या नदीत आज नाही, आणि तोही याच ऋतूत संपला. आर्क्टिक ग्रेलिंग हा ट्राउटचा नातलग. पाठीवर शिडासारखा उंच पर, त्यावर जांभळट-निळे ठिपके. एकोणिसाव्या शतकात ऑ साबलमध्ये त्याचे थवेच्या थवे होते. रेल्वे आल्यावर शिकागो-डेट्रॉइटहून शौकीन मंडळी उतरायला लागली, मासे पिंपं भरभरून शहरात जायला लागले. पण नुसत्या गळाने तो एवढ्यात संपला नसता. त्याच काळात मिशिगनमधल्या व्हाइट पाइनचं जंगल तोडलं जात होतं. हिवाळाभर तोडलेले ओंडके नदीकाठी रचून ठेवायचे आणि वसंतात पाणी चढलं की नदीत लोटून द्यायचे, गिरण्यांपर्यंत वाहत जाण्यासाठी. ग्रेलिंग अंडी घालायचा नेमका वसंतात. हजारो ओंडक्यांनी तळ खरवडून निघाला, वरची झाडं गेल्यामुळे काठ ढासळले, वाळू खडीवर बसली आणि सावली गेली. वरून नवे मासे सोडले गेले, त्यांच्याशी स्पर्धा. १९१४ मध्ये ग्रेलिंग गावात मत्स्यबीज केंद्र उभारलं गेलं, त्यामागे हा मासा परत आणायची आशा होती. ती फळाला आली नाही. १९३० च्या दशकापर्यंत तो सबंध मिशिगनमधून नाहीसा झाला. ग्रेलिंगजवळ हार्टविक पाइन्स नावाच्या राज्य उद्यानात त्या मूळ जंगलाचा एक लहानसा तुकडा शिल्लक आहे. तिथल्या एका पाइनच्या बुंध्याशी उभं राहिलं की नदीवर केवढी सावली असेल याचा अंदाज येतो.

आज मी ज्याच्यामागे जाते तो ब्राउन ट्राउटही परका. १८८३ मध्ये जर्मनीतल्या फॉन बेअर नावाच्या बॅरनने त्याची अंडी अमेरिकेला पाठवली. त्यातली काही नॉर्थव्हिलच्या मत्स्यबीज केंद्रात उबवली गेली, आणि ११ एप्रिल १८८४ रोजी तिथली चार हजार नऊशे पिल्लं मिशिगनच्या पश्चिम भागातल्या बॉल्डविन नदीत सोडली गेली. अमेरिकेत ब्राउन ट्राउट वाहत्या नदीत सोडल्याची ही पहिली नोंद मानतात. नॉर्थव्हिल आमच्या घरापासून गाडीने दहा मिनिटांवर आहे. या भागात आता भरपूर मराठी घरं आहेत. इथल्या तळ्याकाठी संध्याकाळी फिरणाऱ्या आपल्या माणसांना मी ही गोष्ट हटकून सांगते. दीडशे वर्षांत तो मासा इथला झाला आहे, स्वतःची वीण स्वतः करतो आहे, आणि ग्रेलिंगपेक्षा त्याला गरम पाणी जास्त सोसतं. तरी गावाच्या पाटीवरचं नाव वाचताना दर वेळी आत काहीतरी खुपतं. अलीकडे एक चांगली गोष्ट घडली आहे. मिशिगनचा नैसर्गिक संपत्ती विभाग आणि इथल्या आदिवासी राष्ट्रांनी मिळून अलास्कातून आणलेल्या ग्रेलिंगचा प्रजननसाठा वाढवला, आणि २०२५ च्या वसंतात त्याची अंडी मॅनिस्टी, बोर्डमन-ओटावे आणि मेपल या नद्यांत उबवायला ठेवली. ऑ साबल त्या यादीत नाही. पण मॅनिस्टी इथून जवळ आहे, तशाच वाळूतून वाहते, आणि मी तिच्याकडे आता वेगळ्या नजरेने बघते.

एप्रिलच्या शेवटी-शेवटी मग ते दिवस येतात. बर्फाचं पाणी संपलेलं असतं, रात्री उबदार झालेल्या असतात, आणि थर्मामीटर दुपारी दहा अंश दाखवायला लागतो. शेतकरी वाफशाची वाट बघतो तशी इथली माणसं त्या दहा अंशांची बघतात. दोन-तीन दिवस दुपारी तेवढं तापमान टिकलं की हेंड्रिक्सन निघतात.

हेंड्रिक्सन म्हणजे मेफ्लायची एक जात. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉय स्टीनरॉडने १९१६ मध्ये या किड्याची नक्कल करणारी फ्लाय बांधली आणि ए. ई. हेंड्रिक्सन या आपल्या मासेमार मित्राचं नाव तिला दिलं. पुढे कीटकालाही तेच नाव चिकटलं. वर्षभर तो नदीच्या तळाशी दगड-पाचोळ्यात राहतो. मग एका दुपारी, साधारण दोनच्या सुमाराला, पृष्ठभागावर येतो, तिथेच कात फोडतो आणि पंख वाळेपर्यंत पाण्यावर बसून वाहत जातो. एक बोटावर घेऊन बघा. राखाडी पंख पाठीवर होडीच्या शिडासारखे उभे मिटलेले, मागे तीन बारीक शेपट्या, पोट तपकिरी आणि त्यात किंचित गुलाबी झाक. नराचे डोळे मोठे, विटकरी लाल. पाय इतके हलके की बोटावर आहे हे कळतही नाही. थोडा वेळ थांबलं की तो उडून अल्डरच्या झुडपात जातो, तिथे पुन्हा एकदा कात टाकतो आणि काचेसारखे पारदर्शक पंख घेऊन बाहेर येतो. पंख फुटल्यानंतर पुन्हा कात टाकणारे कीटक जगात फक्त मेफ्लायच. दुसऱ्या-तिसऱ्या संध्याकाळी नर-मादी नदीवर नाचतात, मादी अंडी सोडते, आणि सगळे पाण्यावर पंख पसरून पडतात. पंख फुटल्यावर त्यांना तोंडाने खाताही येत नाही. जेवायचं होतं ते तळाशी असताना जेवून झालेलं असतं.

त्या दुपारी नदी पूर्ण बदलते. सकाळपासून जिथे काही हललं नव्हतं तिथे एकदम गोल तरंग उठतो. मग दुसरा, बुंध्याच्या सावलीत. मग सगळीकडे. हा खेळ तास-दीड तास चालतो. ढगाळ, दमट दिवस असला तर किड्याचे पंख वाळायला वेळ लागतो, तो पाण्यावर जास्त काळ राहतो आणि माशांचं फावतं. उन्हात तो पटकन उडून जातो. मी सुरुवातीला सांगितलेला तो सहा-सात अंशांचा नको-नकोसा दिवस इथेही कामाला येतो, तेव्हा किडे वेगळे असतात एवढंच: ब्लू-विंग्ड ऑलिव्ह नावाचे, नखाएवढेही नसलेले.

माझ्या डबीत बऱ्याच फ्लाय आहेत, पण मन अडकतं ते ॲडम्सवर. ती इथलीच. १९२२ मध्ये मिशिगनच्या मेफिल्ड गावातल्या लेनर्ड हॅलडेने ती बांधली, आणि बोर्डमन नदीवर तिने पहिले मासे दिले. राखाडी लव, कोंबड्याचं तपकिरी आणि चट्ट्यापट्ट्याचं पीस. एका ठरावीक कीटकाची ती हुबेहूब नक्कल करत नाही, तरी अर्ध्याअधिक कीटकांसारखी दिसते. तिच्यावर आलेला मासा मला अजून एकेक आठवतो. वर आलेलं नाक, मग काठीला जाणवलेला तो पहिला जिवंत हिसका, आणि मग थंड पाण्यात ताकद राखून असलेला मासा बुंध्याखाली घुसायला बघतो तेव्हा हाताला लागणारी ओढ. जवळ आला की आधी हात ओले करायचे. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. हुकाचा काटा मी आधीच पकडीने दाबलेला असतो, त्यामुळे तो बोटाच्या एका हलक्या वळशाने निघतो. लोण्यासारखी पिवळी कूस, काळे ठिपके, आणि मधून मधून लाल ठिपके, प्रत्येकाभोवती फिकट निळसर कडं. तोंड प्रवाहाकडे करून धरायचं. तो कल्ले उघडझाप करतो, आणि त्याला बरं वाटलं की स्वतःच हातातून जातो.

आई कुडाळहून फोनवर विचारते, "गो बाय, मासो धरतंस आणि परत सोडतंस? मगे धरतंस कित्याक?"

हा प्रश्न मला इथल्या मंडळातही विचारतात, पण आईने विचारला की टाळता येत नाही. सोडण्यात मोठं पुण्य आहे असं मी तिला सांगत नाही. माशाला त्रास होतो, आणि तो मी देते. हे मान्य करूनच मी नदीत उतरते. पण ज्या नदीचं आपण काही मागत नाही तिच्याकडे आपण नीट बघतही नाही, असा माझा अनुभव आहे. काठी हातात नसती तर बर्फावरचे स्टोनफ्लाय मला दिसले नसते, खडीखालची पिल्लं मला माहीत नसती, चार आणि दहा अंशांतला फरक माझ्या लेखी काहीच नसता. आणि या नदीवर आज जे ट्राउट आहेत ते काठी धरणाऱ्या माणसांमुळे आहेत, हे नोंदीत आहे. १९५९ मध्ये ग्रेलिंगजवळ, याच नदीच्या काठी, जॉर्ज ग्रिफिथ यांच्या घरी सोळा मासेमार जमले आणि ट्राउट अनलिमिटेड ही संस्था जन्मली. त्यांचा आग्रह होता की केंद्रात वाढवलेले मासे टाकत राहण्यापेक्षा नदीच सांभाळा, मासे आपोआप होतील. आज ती देशभर पसरली आहे.

त्याहून मला भिडते ती जॉर्ज मेसन यांची गोष्ट, कदाचित मी स्वतः मोटारींच्या धंद्यात काम करते म्हणून. मेसन डेट्रॉइटचे. नॅश-केल्व्हिनेटरचे प्रमुख, आणि १९५४ मध्ये हडसन कंपनीबरोबर विलीनीकरण करून अमेरिकन मोटर्स उभी करणारे. त्याच वर्षी ते वारले. ऑ साबलच्या दक्षिण शाखेकाठची आपली पंधराशे एकर जमीन त्यांनी मिशिगन राज्याला देऊन टाकली, ती जशी आहे तशी राहावी म्हणून. पुढे राज्याने भोवतालची जमीन जोडत तो पट्टा कितीतरी वाढवला. आज तिथे नदीकाठी मैलोन्‌मैल एक घर नाही. काठावर दगड-लाकडाचं एक उघडं प्रार्थनास्थळ आहे, मासेमारांसाठी बांधलेलं. मी तिथे डबा खाते.

बाकी लढे अजून चालूच आहेत आणि ते सगळे शेवटी जमिनीखालच्या पाण्याशी येतात. उगमाकडच्या कोल्के क्रीकमध्ये तेल उत्खननातलं दूषित पाणी शुद्ध करून सोडायची योजना होती. अँगलर्स ऑफ द ऑ साबल या स्थानिक संस्थेने ती न्यायालयात नेली, प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि ते पाणी ओढ्यात आलं नाही. ग्रेलिंगच्या लष्करी तळाच्या परिसरात आग विझवायच्या फेसातली पीफास रसायनं भूजलात सापडली आहेत. वाळूतून पाणी इतक्या सहज जिरतं म्हणून ही नदी आहे, आणि वाळूतून काहीही इतक्याच सहज जिरतं म्हणून ती धोक्यात आहे. झऱ्याच्या तोंडाशी उभं राहून थर्मामीटर आठ अंश दाखवतो तेव्हा मला हेच आठवतं. त्या संस्थेची वार्षिक वर्गणी मी नवी काठी घेण्याच्या आधी भरते, आणि माझ्याबरोबर नदीवर येणाऱ्या प्रत्येकाला ती भरायला लावते.

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी मिशिगनमध्ये ट्राउटचा हंगाम रीतसर सुरू होतो. ग्रेलिंगच्या हॉटेलांत जागा मिळत नाही, प्रत्येक पुलावर गाड्यांची रांग लागते, आणि बापाचा हात धरून आलेली पोरं बघून छान वाटतं. त्या दिवशी मी होली वॉटरवर जात नाही. तोवर माझा नदीचा वाटा मला मिळून गेलेला असतो.

या वर्षी आई मे अखेर येते आहे. हेंड्रिक्सन तोवर संपलेले असतील, पण संध्याकाळी सल्फर नावाचे पिवळे किडे निघतील, आणि जॅक पाइनच्या झाडोऱ्यात कर्टलंड्स वॉर्बलर हा पक्षी गात असेल, हिवाळाभर बहामात राहून परत आलेला. तिच्या मापाचे वेडर्स मी शोधून ठेवले आहेत. साडी सोडून ते घालायला ती तयार झाली आहे, एका अटीवर.

"एक तरी तळूक गावतलो मां?"

गावतलो, असं मी तिला सांगितलं आहे. होली वॉटरच्या बाहेर, जिथे नियमाने मासा घरी नेता येतो तिथे, मापात बसणारा एखादा ब्रुक ट्राउट लागला तर तो आईच्या तव्यावर जाईल. मसाला ती कुडाळहून घेऊनच निघणार आहे.